पलटणीच्या वहीतली आमची वंशावळ

रविवारी सकाळी दहा वाजले की मी फोनवर पुलावरच्या रांगेची वेळ बघतो. कॅनडातून अमेरिकेत यायला गाड्यांना किती मिनिटं लागतायत ते तिथे दिसतं. आमच्याकडे पलीकडून आता कुणी यायचं राहिलेलं नाही, तरी बघतो. दहा मिनिटं दिसली तर उगाच बरं वाटतं. पन्नास दिसली तर स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगतो, "आज गर्दी आहे गं." ही "हं" म्हणते.

नदीच्या अमेरिकन बाजूला, ट्रॉयमध्ये आम्हाला तीसहून जास्त वर्षं झाली. मोटारींच्या ब्रेकची ड्रॉइंग करण्यात माझी सगळी नोकरी सरली. मुलगा टेक्सासला, अर्विंगला असतो. मुलगी नदीपलीकडे, कॅनडातल्या विंडसरला शिकायला गेली आणि तिकडचीच झाली. शाळेत इतिहास शिकवायची. घरापासून पाऊण तासाचं अंतर, पण मध्ये एक देश संपायचा आणि दुसरा सुरू व्हायचा. दर रविवारी ती पूल ओलांडून पोहे खायला यायची. निघताना फोन करायची, "बाबा, ब्रिजवर थर्टी मिनिट्स आहे. आईला सांग, पोहे आत्ताच भिजवू नको."

तिकडचं नागरिकत्व घेतल्यावर, तिशी उलटल्यावर, तिने तिथल्या पलटणीत नाव घातलं. ही पूर्णवेळ फौज नव्हे. आठवड्यातून एक संध्याकाळ कवायत, महिन्यातून एखादा शनिवार-रविवार सराव, एरवी सगळे आपापल्या नोकऱ्या करतात. तिच्या तुकडीत एक दाताचा डॉक्टर होता आणि एक पाव भाजणारा होता. मला हे कळलं तेव्हा नाकाला मिरच्या झोंबल्या. "आपल्या घरात बंदूक कुणी धरली होती का आजवर?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "बाबा, बुकमध्ये बघ ना. आपला फिफ्थ जनरेशनवाला पेशव्यांच्या आर्मीत होता. यू टोल्ड मी." उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माझा स्वभाव. मी म्हणालो, "तो कारकून होता. आणि पुरुष होता."

बुक म्हणजे आमचा कुलवृत्तांत. कोकणातल्या मूळ पुरुषापासून आजवरच्या सगळ्या पिढ्या, घराणं, शाखा, आकडे घालून छापलेलं जाडजूड पुस्तक. पुण्याचा माझा चुलतभाऊ त्याच्या समितीवर आहे आणि अमेरिकेतल्या शाखेचे फॉर्म गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. नवी आवृत्ती निघायची होती ते नेमकं ती पलटणीत गेली ते वर्ष. फॉर्मवर मुलाचं नाव, शिक्षण, हुद्दा, बायकोचं माहेर, सगळ्याला रकाने होते. मुलीच्या नावापुढे कंसात 'ऐच्छिक' छापलेलं होतं. मुलाची माहिती मी चार ओळी भरून लिहिली. मुलीपाशी आलो आणि पेन थांबलं. काय लिहायचं, पलटणीत शिपाई? रागाच्या भरात रकाना मोकळा ठेवला आणि पाकीट बंद केलं. ज्यांनी नाव कळवलं नाही त्यांच्या मुलींचा नुसता आकडा छापायचा, असा समितीचा नियम होता आणि तो मला पक्का माहीत होता. इतरांना मीच तो फोनवर समजावून सांगितला होता.

पुस्तक आलं तेव्हा ती रविवारी आली होती. इथल्या मराठी शाळेत चार वर्षं रडतखडत गेलेली, त्यामुळे अक्षर अक्षर लावून वाचायची. बोट ठेवत ठेवत आमच्या पानावर आली. माझं नाव वाचलं. भावाचं वाचलं. त्याखालच्या ओळीवर बोट थांबलं.

"कन्या एक," तिने वाचलं. "बाबा, धिस इज मी?"

मी म्हणालो, "पुढच्या आवृत्तीत घालू."

ती हसली. खरंच हसली, रडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "इट्स ओके. आमच्या बटालियनला पण नुसता नंबरच होता." आणि पोह्यांवर लिंबू पिळायला लागली. हिने मात्र त्या दिवसापासून ते पुस्तक हातात घेतलं नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, सरावाहून परत येताना, बर्फावर तिची गाडी घसरली. मी आयुष्यभर ब्रेक केले. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

तिचे पलटणीचे बूट आमच्या बेसमेंटमध्ये आहेत. एका रविवारी भिजले म्हणून तिने ते तिथे वाळत ठेवले होते आणि दुसरे घालून गेली होती. त्यांची टोकं जिन्याकडे आहेत. व्हॅक्यूम करताना ही ते उचलते आणि पुन्हा तसेच, जिन्याकडे तोंड करून ठेवते. खाली जायचं असलं की मी अजून पायरीवर पाय वाजवतो, आत कुणी असेल तर दचकू नये म्हणून.

वर्ष होत आलं तेव्हा विंडसरहून फोन आला. पलटणीच्या छोट्या संग्रहालयाचं काम बघणारे एक निवृत्त सार्जंट बोलत होते. पूर्वी मोटारींच्या इंजिनांच्या कारखान्यात होते, त्यामुळे आमची भाषा लगेच जुळली. म्हणाले, तुमची मुलगी इथे पलटणीच्या वंशावळीचा तक्ता करत होती, तो अर्धा राहिलाय, तुम्हाला बघायचाय का? हिला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही जा. मला तो पूल नको." मग मी एकटाच उलट्या दिशेने पूल ओलांडायला लागलो. दर पंधरा दिवसांनी, शनिवारी सकाळी.

पलटणीला वंशावळ असते हे मला ठाऊकच नव्हतं. भिंतभर कागद होता. वर गावोगावच्या जुन्या स्वयंसेवकांच्या तुकड्या, खाली त्यांचं एकत्रीकरण, मग नाव बदललं, मग दोन पलटणींची एक झाली, मग आणखी एक मिळाली. सगळं तिच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात. एका बाजूला एक चौकोन होता, त्यात नुसता आकडा होता, आणि त्याच्या खाली काहीच नव्हतं.

सार्जंटसाहेबांनी ते समजावून सांगितलं. पहिल्या महायुद्धात या भागातून एक बटालियन उभी केली होती, तिला नाव नव्हतं, क्रमांक होता. समुद्र ओलांडून इंग्लंडला पोचली आणि तिथेच मोडली. माणसं थोडी इकडे, थोडी तिकडे वाटून टाकली, दुसऱ्यांच्या पलटणींत जाऊन मेली. क्रमांक कागदावरून रद्द झाला.

"म्हणजे निर्वंश," मी म्हणालो. तो शब्द इंग्रजीत समजावून सांगावा लागला.

"नाही," ते म्हणाले. "आमच्यात तसं होत नाही. कुणाचं कुणी उरलं नाही, तर जिवंत पलटण पुढे येते आणि म्हणते, यांचं आम्ही चालवतो. त्यांचा मान, त्यांची माणसं, सगळं आमच्या नावावर. या बटालियनचं आम्ही चालवतो. तुमची मुलगी त्यांच्या एकेका माणसाचं नाव शोधत होती. म्हणायची, आकड्याच्या आत माणसं आहेत."

दत्तक घेतात तसंच हे, पण आपल्याकडे दत्तक पुढे पाणी देण्यासाठी घेतात, इथे जिवंतांनी मेलेल्यांना दत्तक घेतलं होतं. एवढा विचार मी त्या दिवशी केला तो शहाणपणाने नव्हे. तिने शेवटच्या दोन वर्षांत इथे घालवलेल्या सगळ्या शनिवारांचं कारण मला कळायला लागलं होतं आणि ते टाळायला मी काहीही विचार करत होतो.

जवळच्या चर्चमध्ये त्यांनी मला पलटणीचं जुनं निशाण दाखवलं. नवं निशाण आलं की जुनं तिथे टांगून ठेवतात. त्याला रफू करत नाहीत, धूत नाहीत. आपोआप विरून खाली पडेपर्यंत लटकू देतात. रेशमाची जाळी झाली होती, मागची भिंत दिसत होती. खाली उभं राहिल्यावर वारा नसताना ते हललं असं मला वाटलं. मी कुणाला बोललो नाही. अशा गोष्टी मी पूर्वी हसण्यावारी नेत असे.

आता मुख्य गोष्ट. नोव्हेंबरात ते लोक आपल्या मेलेल्यांची आठवण करतात. त्या आधीच्या शनिवारी सार्जंटसाहेबांनी मला आतल्या खोलीत नेलं. भिंतीवर लावायची लाकडी पाटी टेबलावर फडक्यात गुंडाळून ठेवली होती. फडकं काढताना त्यांचा चेहरा बक्षीस देणाऱ्या माणसासारखा झाला होता.

"वर इंग्रजी आहे. खाली तिचं नाव तुमच्या लिपीत घातलंय. तिच्याच अक्षरावरून कोरून घेतलं. आमच्या कारागिराला वाचता येत नाही, पण रेघ न् रेघ उतरवलीय."

वर पितळी पट्टीवर तिचं इंग्रजी नाव होतं. खाली लाकडात, तिच्या त्या उजवीकडे कललेल्या अक्षरात, कोरलं होतं: कन्या १.

मी खुर्चीत बसलो. त्यांना वाटलं मला भरून आलंय. मी विचारलं, हे कुठून घेतलंत? त्यांनी एक जाड वही आणली. पलटणीतल्या प्रत्येकाने आपल्या हाताने, आपल्या लिपीत, आपले पूर्वज लिहायचे, ही तिचीच कल्पना. कुणी चार नावं लिहिली होती, कुणी दोन. तिच्या पानावर मूळ पुरुषापासून आमची सगळी शाखा उतरवलेली होती. ज्या मुलीला 'ण' आणि 'ळ' काढताना घाम यायचा, तिने दहा पिढ्या लिहिल्या होत्या, पेशव्यांच्या कारकुनासकट. नवव्या पिढीला मी. माझ्याखाली तिचा भाऊ. आणि त्याखाली पुस्तकात होतं तेच, जसंच्या तसं. शेवटचं म्हणून यांनी ते नाव समजून उचललं होतं. त्यांची काय चूक?

तिला त्याचा अर्थ माहीत होता. मग स्वतःचं नाव का नाही लिहिलं? मी वही उलटीपालटी केली. पहिल्या पानावर तिने इंग्रजीत नियम लिहून ठेवले होते. नोंद जशी सापडेल तशी उतरवावी. खोडरबर वापरू नये. चूक असेल तर ज्याने केली त्यानेच एक रेघ मारावी, शेजारी बरोबर लिहावं आणि सही करावी.

हा माझा नियम होता. ड्रॉइंगवरच्या दुरुस्तीचा. ती लहान असताना डायनिंग टेबलावर मी ऑफिसचे कागद पसरून बसायचो तेव्हा तिला शिकवलेला.

सार्जंटसाहेब माझ्याकडे बघत होते. खोटं बोलणं सोपं होतं. "सुंदर आहे" म्हणून मान हलवली असती, तर त्या गावात कुणाला काय कळणार होतं? पाटी भिंतीवर गेली असती आणि दर नोव्हेंबरात तिच्यापुढे माना झुकल्या असत्या. माझ्या तोंडापर्यंत शब्द आला होता, हे मी लपवत नाही.

"हे तिचं नाव नाही," मी म्हणालो. "याचा अर्थ मुलगी, नग एक. पुस्तकात तिचं नाव मी दिलं नाही म्हणून असं छापलं. मी मुद्दाम दिलं नाही."

माझी अपेक्षा होती की काहीतरी लागट बोलतील, निदान मान फिरवतील. त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं आणि वही माझ्या बाजूला वळवली.

मी एक रेघ मारली. मग शेजारी लिहायला गेलो आणि लक्षात आलं की तिचं नाव मी देवनागरीत आजवर कधी लिहिलेलंच नाही. हॉस्पिटलचा फॉर्म, शाळा, बँक, पासपोर्ट, वाढदिवसाच्या केकची चिठ्ठी, सगळं इंग्रजीत. पत्रिका तिच्या आजोबांनी केली होती. कुलवृत्तांताच्या फॉर्मवरचा तेवढा एकच रकाना माझ्या वाट्याला आला होता आणि तो मी मोकळा सोडला होता. कारागीर रेघ न् रेघ उतरवतो हे आठवलं आणि एकेक रेघ सावकाश ओढली. तिच्या नावात तीन अक्षरं आहेत. खाली सही केली. मग त्या वहीवर डोकं ठेवून मी रडलो, आणि ते गृहस्थ खिडकीजवळ जाऊन पाठ करून उभे राहिले.

नवी पाटी करतो म्हणाले. जुनीचं काय करू, विचारलं. मी म्हणालो, मी नेतो.

परत येताना पुलावर पंचवीस मिनिटांची रांग होती. पाटी शेजारच्या सीटवर होती, सीटबेल्टची घंटी वाजायला लागली म्हणून तिला मी पट्टा लावला. रविवारी ती याच रांगेत बसून फोन करायची. हळूहळू पुढे सरकत अमेरिकन बाजूच्या खिडकीशी पोचलो. आतल्या तरुण अधिकाऱ्याने पासपोर्ट घेतला आणि वाकून सीटकडे बघितलं.

"कॅनडातून काय आणलंत?"

"एक पाटी."

"कुणाच्या नावाची आहे?"

"माझ्या," मी म्हणालो, त्यावरची चूक माझीच होती, आणि त्याने मला घरी जाऊ दिलं.