फाल्गुन, माघ, पौष

क्लबच्या वार्षिक सभेचा अजेंडा ईमेलवर आला तेव्हा मी जर्मनीत, गेर्लिंगेनला ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवत होतो. मुद्दा पाचवा: गवत कापायच्या यंत्राची दुरुस्ती. मुद्दा सहावा: त्रेपन्न नंबरची जर्सी कायमची निवृत्त करणे आणि मुलांच्या मैदानाच्या फाटकावर फलक लावणे. मुद्दा सातवा: बिअरचे नवीन बाक. गवत आणि बिअर यांच्यामध्ये माझा मित्र बसवला होता. फलकावरचा मजकूरही दिला होता, जर्मनमध्ये, तीनचार शब्दांचा: तो नेहमी उठला. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरच्या सहकाऱ्याला वाटलं, सूप खारट झालंय.

हा मित्र गेल्या नोव्हेंबरात गेला. अडतीस वर्षांचा होता. आम्ही दोघं कायझर्सलाउटर्नला एकत्र मास्टर्स करायला आलो, एका खोलीत राहिलो, एकाच कुकरमध्ये भात लावला. तो मिरजेजवळच्या एका गावातला. शाळेपासून कबड्डी खेळायचा, डाव्या कोपऱ्यातला रक्षक. चढाई करणाऱ्याचा घोटा एकदा त्याच्या हातात आला की सुटायचा नाही. इथे आल्यावर त्याला कबड्डी कुठून मिळणार? पण त्या भागात अमेरिकन सैनिकांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे त्यांचा फुटबॉलही गावोगाव पोचलेला आहे. हातात चेंडू घेऊन घुसायचा, डोक्यावर हेल्मेट घालायचा तो फुटबॉल. शेजारच्या एका खेड्यात या फुटबॉलचा छोटासा क्लब होता. हा एका शनिवारी सहज बघायला गेला आणि लाइनबॅकर होऊन परत आला.

लाइनबॅकर म्हणजे दुसऱ्या फळीत उभा राहून घुसणाऱ्याला आडवा करणारा. मित्र म्हणायचा, "अरे, ही तर आपलीच पकड आहे, फक्त कपडे जास्त." पहिल्या वर्षी तो त्याच्या पद्धतीने खेळला, खाली वाकून, पाय धरून, डोकं बाजूला ठेवून. मग त्याला धडक द्यायला शिकवलं गेलं. प्रेक्षकांना धडकेचा आवाज आवडतो. त्यालाही आवडायला लागला.

मी कधी खेळलो नाही. मी बाजूला उभा राहून पाण्याच्या बाटल्या भरायचो, स्कोअर लिहायचो आणि चिवड्याचा डबा फिरवायचो. जर्मन पोरांनी चिवड्याला 'इंडियन कॉर्नफ्लेक्स' असं नाव ठेवलं होतं. चांगले दिवस होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्या लोकांबद्दल फार बरं बोलणार नाहीये.

सहा वर्षांपूर्वीची ती मॅच. क्लबमध्ये अजून तिचाच विषय निघतो. वहिनी, म्हणजे मित्राची बायको, तेव्हा लेकीला घेऊन भावाच्या लग्नाला मिरजेला गेल्या होत्या. शेवटची दहा मिनिटं उरलेली. मित्राने डोकं खाली घालून एकाला धडक दिली आणि दोघंही पडले. दुसरा उठला. मित्र गुडघ्यावर बसून गवताकडे बघत राहिला. त्याला धरून बाहेर आणलं. आमच्याकडे एक डॉक्टरीणबाई हौसेने यायच्या, नियमाला पक्क्या. त्यांनी डोळ्यांत टॉर्च मारला, आणि वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले. डोकं जागेवर आहे का, हे बघायची ती साधी परीक्षा.

मित्र म्हणाला, "जर्मनमध्ये नको. माझ्या भाषेत म्हणतो." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हा तपासेल."

बाईंना ते रास्त वाटलं. परक्या भाषेत चुकला तर ती चूक डोक्याची की भाषेची, कसं कळणार? त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, तो डिसेंबर, नोव्हेंबर म्हणेल. पण तो मराठी शाळेतला. त्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"फाल्गुन, माघ, पौष."

थांबला. ओठांवरून जीभ फिरवली.

"माघ. पौष. श्रावण." मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "हो म्हण."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या अख्ख्या मैदानावर मराठी कळणारा मी एकटा होतो. आणि मी म्हणालो, "गेनाऊ." अगदी बरोबर. या देशात आल्यापासून दिवसातून पन्नास वेळा तोंडातून जाणारा शब्द. दुकानात, ऑफिसात, फोनवर, समोरच्याचं पटलं तरी गेनाऊ आणि नाही पटलं तरी गेनाऊ.

का म्हणालो? सहा वर्षं स्वतःला विचारतोय. आमच्याकडे गावच्या मैदानात कुणी पडला की चारजण धावत जातात, डोक्यावर तांब्याभर पाणी ओततात, पाठीवर थाप मारतात आणि म्हणतात, काय नाय झालं, ऊठ. तो उठला की टाळ्या. पडलेल्याला 'उठू नकोस' म्हणणारा माणूस मी लहानपणापासून एकदाही बघितला नव्हता. हे एक कारण. दुसरं कारण जास्त साधं आहे. मला मॅच जिंकायची होती.

तो परत आत गेला. शेवटच्या डावात प्रतिस्पर्ध्याला अगदी रेषेवर अडवलं. आम्ही जिंकलो. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. बसच्या मागे जाऊन तो ओकला तेव्हा त्याची पाठ चोळायला मी एकटाच होतो. "घरी सांगू नकोस," तो म्हणाला. मी नाही सांगितलं. आज्ञाधारकपणात आपला हात कोण धरणार!

पुढची दोन वर्षं तो खेळतच राहिला. मग त्याचं डोकं दुखायला लागलं. घराचे पडदे दिवसाही ओढलेले असायचे. कुकर लावून विसरायचा. लेकीला शाळेतून आणायला विसरायचा आणि कुणी आठवण केली की खेकसायचा. त्याची एका संशोधन संस्थेतली नोकरी गेली. मी तोपर्यंत गेर्लिंगेनला आलो होतो, फोनवर ऐकायचो. वहिनींनी मला दोनदा थेट विचारलं होतं, "भाऊजी, त्या मॅचमध्ये ह्यांना काही लागलं होतं का हो?" दोन्ही वेळा मी म्हणालो, "नाही हो वहिनी, डॉक्टरांनी तपासलं होतं ना."

नोव्हेंबरात भर दुपारी, रोजच्या सरळ रस्त्यावर त्याची सायकल आपोआप कडेला गेली आणि पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडी नाही, पाऊस नाही. डोक्यावर हेल्मेट होतं. जुन्या मारामुळे भोवळ आली का, हे मी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, सांगता येणार नाही. मी डॉक्टर नाही, मीही सांगू शकत नाही. पण 'सांगता येणार नाही' आणि 'काही झालंच नव्हतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि क्लबला दुसरीच हवी होती.

क्लबचं सोडा, आपल्या लोकांनी काय कमी केलं? मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस हात जोडलेले आणि दिव्यांचे फोटो. 'आपल्या मातीतला वाघ.' 'जर्मनांना पाणी पाजणारा मर्द मराठा गडी.' यातला एकही जण या वाघाला जिवंतपणी बघायला मैदानावर आला नव्हता. मी लिहिलं की शेवटची चार वर्षं त्याचे फार हाल झाले, त्याबद्दलही कुणीतरी बोला. लगेच ॲडमिनचा खासगी मेसेज आला: गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, ग्रुपवर लहान मुलंही आहेत. मी फोन सोफ्यावर फेकला. लहान मुलं आहेत म्हणूनच लिहिलं होतं, बाबांनो.

सभेच्या शनिवारी दुपारी मी वहिनींना घरून गाडीत घेतलं. मागच्या सीटवर कागदी पिशवीत जर्सी होती, क्लबने काचेच्या चौकटीत लावायला मागितलेली. वहिनींच्या मांडीवर आणखी एक कागद होता. अकरा वर्षांच्या लेकीचं संमतिपत्र. आतापर्यंत ती लहान मुलांच्या गटात कमरेच्या पट्ट्या ओढायचा, धडक नसलेला खेळ खेळत होती. पुढच्या मोसमापासून हेल्मेट, पॅड आणि धडक. सभेनंतर सही करून द्यायचं होतं.

"गुरुवारी पडली प्रॅक्टिसला," वहिनी म्हणाल्या. "घरी येऊन ओकली. मी विचारलं तर म्हणते, 'इस्ट निश्ट्स, मामा. पापा इस्ट आउख इमर आउफगेश्टांडेन.'"

काही नाही झालं, आई, बाबापण नेहमी उठायचेच. फलकावरचं वाक्य फाटकावर लागायच्या आधीच पोरीच्या तोंडी बसलं होतं.

"करू का सही, भाऊजी? तिला फार हवंय. बापाचा खेळ आहे म्हणते."

मी सिग्नलकडे बघत राहिलो. हिरवा होऊन मागच्याने हॉर्न दिला तरी मला कळलं नाही. गाडीत त्या आणि मी दोघंच होतो, तेव्हा सांगायला हवं होतं. तेवढंही जमलं नाही.

सभेत यंत्राच्या दुरुस्तीवर वीस मिनिटं चर्चा झाली. मग अध्यक्ष उठले. निवृत्त शिक्षक, भला माणूस, डोळे खरोखर ओले. त्या मॅचचं वर्णन त्यांनी असं केलं की काहीजणांनी बाकं वाजवली. "पडला, तपासणी पास झाला आणि परत जाऊन त्याने आपल्याला जिंकून दिलं. आपल्या मुलांना यापेक्षा मोठा आदर्श कुठला?" संघाची फिजिओ, एक तरुण मुलगी, हात वर करून म्हणाली की जर्सी ठेवा, पण हे वाक्य मुलांच्या फाटकावर नको. हल्ली आपण पोरांना उलटं शिकवतो, लागलं तर सांगा म्हणून. मागून कुणीतरी पुटपुटलं, "मग बुद्धिबळ खेळा म्हणावं." हशा झाला. वहिनीही त्या हसणाऱ्यांकडे बघून शिष्टाचाराने किंचित हसल्या. ते हसणं मला सहन झालं नाही.

मी उठलो. "तो तपासणी पास झाला नव्हता," मी म्हणालो. "मी खोटं बोललो. त्याला महिने म्हणता आले नाहीत. मी बरोबर म्हणून सांगितलं."

मग मी थांबलोच नाही. म्हणालो, रिकाम्या बाटलीचं झाकण कुठल्या डब्यात टाकायचं याचा नियम आहे तुमच्याकडे, गवत किती उंचीवर कापायचं याचा आहे, आणि एका माणसाचं डोकं तुम्ही चिवडा वाटणाऱ्या दोस्ताच्या एका शब्दावर सोडून दिलंत. तुम्हाला कुणालाच पुन्हा विचारावंसं वाटलं नाही, कारण तो तुम्हाला आत हवा होता. मलाही हवा होता. मग आता फाटकावर तो नेहमी उठला असं कशाला लिहिता? त्याला उठवला असं लिहा आणि खाली माझं नाव घाला.

अध्यक्ष लाल झाले. म्हणाले, तुम्ही दुःखात आहात, सहा वर्षांनी माणसाच्या आठवणी बदलतात. "आणि माफ करा, तो तेव्हा नक्की काय म्हणाला हे कोण सांगणार? इथे कुणालाच ती भाषा येत नाही."

"मला येते," वहिनी म्हणाल्या.

त्या बसल्या जागेवरूनच माझ्याकडे वळल्या. जर्मन सोडून मराठीत म्हणाल्या, "म्हणा भाऊजी. हे जसं म्हणाले तसंच म्हणा."

मी म्हणालो. फाल्गुन. माघ. पौष. वहिनींचा अंगठा बोटाच्या पेरांवरून सरकत होता. पौषानंतर तो पुढच्या पेरावर जाऊन थांबला. तो थांबला होता तेवढाच मी थांबलो आणि म्हणालो, माघ. पौष. श्रावण. त्यांचा अंगठा तिथेच होता. सगळे त्या अंगठ्याकडे बघत होते.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"संपलं."

वहिनी उठल्या. अध्यक्षांना शांतपणे जर्मनमध्ये म्हणाल्या की फलक लावायचा नाही, जर्सी मिळणार नाही आणि मुलगी पुढच्या मोसमात खेळणार नाही. संमतिपत्र त्यांनी घडी घालून पर्समध्ये टाकलं. मुद्दा सातवा सुरू व्हायच्या आत आम्ही बाहेर आलो होतो.

मी गाडीचं दार उघडून धरलं. त्या बसल्या नाहीत. जर्सीची पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. मी सहा वर्षं त्या शिव्यांची वाट बघत होतो.

"लेकीचा वाढदिवस विसरले होते हे एकदा," त्या म्हणाल्या. "मी आठ दिवस बोलले नाही त्यांच्याशी. कुकर जळला तेव्हा मी म्हणाले, तुम्ही मुद्दाम करता, मला छळायला. ते नुसते बघत राहायचे माझ्याकडे. शेवटच्या दिवशीसुद्धा माझ्याशी भांडूनच बाहेर पडले होते घरातून." मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी विचारलं होतं तुम्हाला, भाऊजी. दोनदा विचारलं होतं. सांगितलं असतंत तर मी भांडले नसते."

मी काही म्हणायच्या आत त्या बस स्टॉपच्या दिशेने चालायला लागल्या. इतकी वर्षं मी त्या गावाला गेलो की त्यांच्या हातचा चहा घेतल्याशिवाय कधी परत निघालो नव्हतो. त्या दिवशी मी तसाच निघालो.