चिमटाताई आणि अमरवेल
"जाळायची म्हणजे जाळायची. बाराच्या बारा."

"दादा, माझ्या झाडांना हात लावलास तर बघ."

"उद्या तपासणीसाला एक पिवळा धागा दिसला, तर रोपवाटिकेला कुलूप. मग बसशील कुठे हात लावत?"

चिमटाताईने मानही वर केली नाही. जास्वंदीच्या फांदीला विळखा घालून बसलेली अमरवेल ती चिमट्याने उलगडत राहिली. या चिमट्यावरूनच वहिनीने तिला हे नाव ठेवलं होतं. चार वर्षं ती हात धुऊन वेलीच्या मागे लागली होती. ना मूळ, ना पान. लोकरीच्या गुंत्यासारखी ही बया दुसऱ्याच्या खोडात दात रोवून आयतं पिते. अगदी माझ्या भावासारखी, वहिनी म्हणायची, फक्त तो फुलत नाही.

दादाचं पहिल्यापासून एकच टुमणं होतं: झाडासकट कापा, पेटवा, मोकळे व्हा. पण ही बारा मूळ झाडं होती. रोपवाटिकेतलं जास्वंदीचं प्रत्येक कलम यांच्याच फांदीचं. विशीत तिने ती लावली आणि तिचं लग्नाचं वय त्यांच्या छाटणीत निघून गेलं. म्हणून ती फुलावर आलेला एकेक धागा सोडवायची आणि जमिनीवर पडू नये म्हणून अ‍ॅप्रनच्या खिशात टाकायची. आठवडाभरात पुन्हा येरे माझ्या मागल्या. कालपासून तर नव्या कलमांवरही धागे दिसायला लागले होते. वाऱ्याने आले असतील, ती म्हणाली.

"वारा वळणं घेत जातो का गं?" दादाने तिला दंडाला धरून उठवलं.

जमिनीतून नुकते उगवलेले पिवळे धागे झाडांपासून निघून नळापाशी वळले होते, कलमांच्या मांडवातून चहाच्या बाकड्यापर्यंत गेले होते आणि तिथून तिच्या खोलीच्या दाराशी. बाकी सगळं स्वच्छ. तिची रोजची वाट, पावलागणिक.

दादाने तिच्या खिशात बोट घातलं. ते खालच्या उसवलेल्या शिवणीतून बाहेर आलं. बोटाला खसखशीएवढं बी चिकटलं होतं.

शिवण वहिनीने घातली होती, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"आता मूळ झाडांना काडी मी लावू, का तू लावतेस?" दादाचा आवाज उतरला होता. "बोल ना, चिमटे."

तिने अ‍ॅप्रनची गाठ सोडून तो उतरवला. आणखी बी सांडू नये म्हणून खिसा मुठीत घट्ट आवळला आणि रोजची वाट टाळून, कुंपणाच्या कडेकडेने, ती फाटकाबाहेर निघून गेली.