खालचा गप हाय

मी शहाणी होते ना! बेलापूरच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसून समुद्राखालची विहीर कशी थरथरते ते सांगणारी बाई. नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट.

तेलविहिरीत सगळ्यात खाली बिट असतं, ते भोक पाडतं. त्याच्या वर काही मीटरवर रीमर, तो तेच भोक रुंद करत मागोमाग उतरतो. दोघं एकाच लांबलचक पाइपला टांगलेले, वरून टाकलेलं वजन दोघांत वाटलं जातं. दोघं एकदम दगड खायला लागले की पाइप किती हादरेल, कुठे तुटेल, याचं गणित मी मांडत होते. एका उत्तराला अख्खा दिवस लागायचा, त्यात लाइट गेली की बोंबला.

गणित कॉलेजनं शिकवलं, पाइपची भाषा काकांनी. काका म्हणजे समुद्रातल्या आमच्या रिगवर विहीर खणणारे ड्रिलर, जासई गावचे. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. सुट्टीत सुकट घेऊन ऑफिसात यायचे, माझा हात टेबलावर ठेवायला लावायचे आणि खालून टेबल हलवायचे. "असा बिट वाजतो. आन असा रीमर. समजला का, बाय?" पाइप खाली सोडायच्या ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवला की खाली काय चाललंय ते त्यांना कळायचं. साहेब लोक हसायचे. मी कधी हसले नाही, एवढंच काय ते माझं पुण्य.

त्या दिवशी दुपारी रिगवरून त्यांचा फोन आला. नुसती खरखर. "बाय, खालचा गप हाय. वजन तेवढाच ठेवू का?" पुढचं काहीतरी खरखरीत बुडालं. मी पुन्हा विचारायला हवं होतं. पण मला आनंदच झाला! गप म्हणजे शांत, शांत म्हणजे थरथर नाही, म्हणजे माझं गणित बरोबर. म्हटलं, "ठेवा काका, बिनधास्त ठेवा."

"तू सांगतेस तर ठेवतो."

अगं बये! त्यांच्या तोंडी गप म्हणजे उपाशी. बिट मऊ थरात घुसलं होतं, त्याच्यावर भारच उरला नव्हता. सगळा भार वर, कठीण दगडातल्या रीमरवर. आणि मी मात्र दोघांचा वाटा गणितात कायमचा ठरवून मोकळी झालेली, दगड कुठलाही असो. संध्याकाळच्या आत पाइप तुटला. कुणाला लागलं नाही, पण विहीर गेली.

चौकशीत साहेबांनी विचारलं, वजन कायम ठेवायला कोणी सांगितलं? मी म्हटलं, "गणित फक्त अंदाज देतं. निर्णय ड्रिलरचा." काका समोरच बसले होते. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही त्यांनी. म्हणाले, "बरोबर हाय. माजीच चूक." फोनचं नावसुद्धा नाही. त्यांना समुद्रावरून काढून किनाऱ्यावरच्या गोदामात बसवलं. तिथे ते जुन्या पाइपांवर नंबर रंगवायचे.

तीन महिन्यांनी माझं गणित दुरुस्त झालं. ती विहीर त्यात घालून पाहिली, तर पाइप नेमका त्याच जागी तुटला. कागद घेऊन मी तडक जासई गाठली. ठरवलंच होतं, उद्या साहेबांपुढे उभी राहते, फोनचं सांगते, काका परत समुद्रावर जातील.

काकांनी कागदावरून बोट फिरवलं. डोळे भरून आले त्यांचे. "आता बरोबर सांगतं?"

"हो. काका, मी उद्या साहेबांना…"

"गप बस. तुजी नोकरी नवी हाय. ऑफिसात बाईमानूस तू एकलीच. टपूनच हायत सगली."

तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या. कप ठेवला आणि मला हात जोडले. माझ्या आईच्या वयाची बाई!

"बाय, यांचा चुकला. तुमी नको म्हनत होत्या, यांनी ऐकला नाय. सगल्यांना तेच सांगतात. माफ करा यांना."

काका मान खाली घालून बसले होते. मी तोंड उघडलं. देवाशपथ, खरं सांगणार होते.

"असू द्या काकी," मी म्हटलं. "माफ केलं."

काका गोदामातूनच रिटायर झाले.