शेवटच्या बांधीतलं कडवं

रेणूच्या कानांचं लहानपणी गावात मोठं कौतुक होतं. एसटी अजून तलावाच्या पाळीपलीकडे असायची आणि ही पोरगी नुसत्या आवाजावरून सांगायची, साकोलीची आहे की गोंदियाची. आता कोणी त्या कानांचं कौतुक केलं तर ती उठून आत जाते. ऐन वेळी त्यांनीच तिला दगा दिला, असं तिचं म्हणणं. मला विचाराल तर कानांचा काही दोष नव्हता.

अर्जुनी मोरगावात एका झेरॉक्सच्या दुकानात ती बसते. सातबारे, पीकविम्याचे अर्ज, रेल्वेची तिकिटं. दिवसभर लोकांची नावं टाईप करायची आणि संध्याकाळी स्कूटीनं पाच किलोमीटरवरच्या गावी परतायचं. ती चौथीत असताना बाप गेला. मागे राहिली दोन एकर धानाची जमीन, एक म्हैस आणि आई कुंदाबाई. कुंदाबाईचा स्वभाव सांगायचा तर एवढंच पुरे: पोरीला बारावीत पंच्याऐंशी टक्के पडले, ती पेढे घेऊन धावत घरी आली, आणि आई म्हणाली, "म्हशीले पाणी दाखवलं का?"

अशा घरात रेणूनं बँड काढला. तिघांचा बँड, नाव 'बोडी'. बोडी म्हणजे शेतापुरतं लहानसं तळं. गिटार वाजवणारा हिमांशु गोंदियाचा, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातला, निम्मं हिंदीच बोलणारा. ऑक्टोपॅडवर देवानंद. तो दिवाळीनंतर नाटकांच्या हंगामात गावोगाव वाजवत हिंडायचा आणि उरलेलं वर्ष मोकळा असायचा. गाणी रेणू लिहायची, म्हणायचीही तीच. त्यांची गाणी वरातीत चालत नाहीत, डीजेवर नाचता येत नाहीत. खिडकीशी बसून, कानात हेडफोन घालून ऐकायची. अर्जुनीत खिडकीशी बसायला वेळ कोणाला आहे, हे त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नाही.

चार वर्षांत कुंदाबाईनं या सगळ्यावर एक शब्द काढला नव्हता. बरं म्हणाली नाही, वाईटही नाही. पोरगी परसात बसून चाल लावायची, आई शेजारी धान पाखडत राहायची. रेणूला जगाची वाहवा नको होती असं नाही, पण तिला खरा हवा होता तो आईचा एक शब्द. शिवी असती तरी चाललं असतं.

मग ईपी काढायचं ठरलं. ईपी म्हणजे चार गाण्यांचा छोटा अल्बम. बंद पडलेल्या एका राईस मिलचं गोदाम मिळालं. आवाज घुमू नये म्हणून तिघांनी भिंतींवर बारदाना टांगला. तीन गाणी तिथं उरकली. देवानंदला बारदान्याच्या धुळीनं शिंका यायच्या, त्यामुळे एकेक गाणं नऊ-नऊ वेळा झालं. चौथ्या गाण्यासाठी रेणूच्या मनात वेगळंच होतं. कुंदाबाई रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, गाणारी मुख्य बाई. पाच गावांत तिच्या गळ्याचं नाव होतं. रेणूला तो गळा आपल्या गाण्याच्या शेवटी हवा होता.

"गोदामात ये ना माय. अर्ध्या घंट्याचं काम हाये," रेणू म्हणाली.

"कायले?"

"रोवण्याचं गाणं म्हणायले."

"रोवण्याचं गाणं कोरड्यात नाई म्हणत," कुंदाबाई म्हणाली. "पायाले चिखल लागल्याबिगर तोंड उघडत नाई माहं. तुले पायजे तर रोवण्यात ये."

विषय संपला. तिघांनी जुलैपर्यंत वाट पाहिली.

शेवटच्या दिवशी शेवटची बांधी राहिली होती. तिकडे शेताच्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात. अकरा बाया चिखलात ओळीनं उभ्या. हिमांशुनं कोणाकडून तरी चांगला रेकॉर्डर मागून आणला होता. तो त्यानं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बायांच्या अगदी तोंडासमोर मांडला आणि तिथूनच सूचना सोडू लागला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. रेणूनं मोठे हेडफोन कानांवर चढवले. वायर दोन हात लांब, त्यामुळे पोरगी धुऱ्यालाच बांधलेली.

कुंदाबाईनं सूर लावला. "मागं सर वो बाई, हिरवं पुढं ठेव..." बाकीच्या दहा जणींनी तो झेलला. रेणूनं हेडफोन कानांवर घट्ट दाबले. असा आवाज त्या गोदामात जन्मात मिळाला नसता.

आणि मग आवाज लहान होऊ लागला.

रोवणाऱ्या बाया धुऱ्यापासून सुरुवात करतात आणि मागं मागं सरकत जातात. तोंड धुऱ्याकडेच, पण पाऊल मागं. समोर हिरवी ओळ उभी राहते आणि बाई दूर जाते. शेतकऱ्याच्या पोरीला हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? पण दहावीनंतर रेणू चिखलात उतरली नव्हती, आणि त्या दिवशी तिच्या डोक्यात शेत नव्हतं, स्टेज होतं. गाणाऱ्याच्या तोंडासमोर माईक ठेवायचा, एवढंच तिघांना सुचलं.

"लेवल गिर रहा है यार," हिमांशु म्हणाला. रेणू हातवारे करून आईला जवळ बोलावू लागली. बाया हसल्या. रोवलेल्या धानावरून पुढं कोण येणार? रेणू वाकून रेकॉर्डरवरची आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी बघू लागली. हेडफोनमध्ये आता बेडूक, पाण्याचा खळखळाट आणि दूर कुठंतरी गाण्याची धूसर चाल. एकदा तिनं मान वर केली तेव्हा कुंदाबाई पलीकडच्या धुऱ्याजवळ पोचली होती. ती कमरेतून सरळ उभी राहून एकटीच गात होती आणि थेट रेणूकडे बघत होती. बाकीच्या फक्त हुंकार देत होत्या. रेणूला वाटलं, जेवायची वेळ झाली का, असं विचारत असेल. तिनं मान हलवली आणि पुन्हा पट्टीत डोकं घातलं.

"पुढच्या वर्षी दोन रेकॉर्डर ठेवू, एक इकडे, एक तिकडे," देवानंद म्हणाला. ते सगळ्यांना पटलं.

कापणीच्या दिवसांत कुंदाबाई शेतातच चक्कर येऊन पडली. गोंदियाला नेलं. डोक्यातली नस फुटली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. तीन दिवसांत शुद्ध आली नाही, त्यामुळे शेवटचं बोलणं वगैरे काही झालं नाही.

हिवाळाभर रेणूनं ईपीचं नाव काढलं नाही. उन्हाळ्यात हिमांशुच भीत भीत म्हणाला, की जेवढं आहे तेवढं वापरू. आवाज हळूहळू विरत जातो, तो तसाच विरू दे. बेडूक तेवढे उरले की तिथं संपवू. रेणू हो म्हणाली. जूनमध्ये ईपी आला, नाव 'हिरवं पुढं ठेव'. प्रकाशन म्हणजे काय, तर दुकानात बसून तिनं एक बटण दाबलं आणि पुढच्या माणसाचा जातीचा दाखला टाईप करायला घेतला. पहिल्या आठवड्यात चारशे बारा जणांनी ऐकलं. पुण्याच्या कोणी लिहिलं, "शेवटचा फेड-आउट काय जमवलाय! कोणाची कल्पना?" रेणूनं ते वाचलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून पोटभर रडून घेतलं.

जुलैत रोवणा आला. आता शेताची मालकीण तीच. शेवटच्या बांधीच्या आधी बायांना जेवायला बसवलं आणि तिनं धुऱ्यावर छोटा स्पीकर ठेवला. त्यांचेही आवाज होते, त्यांनी ऐकायला नकोत? बाया आधी लाजल्या, मग एकमेकींना ढोसू लागल्या. कुंदाबाईचा आवाज आला. कोणी डोळ्याला पदर लावला. गाणं विरत गेलं, बेडूक उरले, संपलं.

निर्मलाबाई, कुंदाबाईची जन्माची जोडीदारीण, हातातला घास तसाच धरून म्हणाली, "इथंच बंद केलंस? तुहं कडवं काऊन ठेवलं नाई?"

"माहं कोणतं कडवं, काकू?"

"शेवटच्या बांधीत म्हणलं नाई का तुह्या मायनं! मुख्य बाईनं आपल्या घरच्या माणसाचं नाव घालून एकटीनं म्हणावं लागते. दरसाल ती तुह्या बापाचं म्हणे. तवा तुहं म्हणलं. तू तं धुऱ्यावरच होतीस."

रेणू निर्मलाबाईसमोर उकिडवी बसली. "काय म्हणलं?"

"तुहं नाव होतं. अना तुह्या गाण्याचं कायतरी होतं. तुह्या गाण्यावरच होतं पुरं कडवं."

"चांगलं म्हणलं का वाईट?"

निर्मलाबाईनं आठवायचा खूप प्रयत्न केला. बाकीच्यांकडे पाहिलं. त्यांनाही आठवेना. "आता काय सांगू, बाई. आमी खाली मान घालून रोवून राहिलो होतो. हासत होती म्हणताना, एवढं ध्यानात हाये. पन ती तं शिव्या देतानाही हासे."

मूळ रेकॉर्डिंग हिमांशुनं जपून ठेवलं होतं. आवाज वाढवला की बेडूक वाढतात, पाणी वाढतं. त्याच्या तळाशी एक सूर हलतो आणि त्या सुरात शब्द आहेत एवढंच कळतं. रेणूनं ते किती वेळा ऐकलं याला गणती नाही.

पण ते पुढचं. त्या दिवशी जेवणं झाली, बाया उठल्या, आणि रेणूनं सलवार गुडघ्यापर्यंत खोचली. बायांनी तिला ओळीत जागा दिली, कुंदाबाईची. तिनं पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंढी सोडली, रोवत रोवत मागं सरकत गेली. सूर निर्मलाबाईनं धरला होता. पलीकडच्या धुऱ्याला टाच लागली तेव्हा ती सरळ उभी राहिली आणि तिनं समोर पाहिलं.

मागल्या वर्षी ती हेडफोन घालून उभी होती ती जागा समोरच दिसत होती. फार तर तीस पावलं. त्या धुऱ्यावर निर्मलाबाईची लहान नात खेळत होती, स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती, आणि तिचा शब्द न् शब्द रेणूला इथं स्पष्ट ऐकू येत होता.