मामा फक्त उभे होते

अख्ख्या धुळ्यात ठरवून पडणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे माझे सख्खे मामा. बाकीची माणसं चुकून पडतात आणि लाजतात. मामा तालीम करून पडतात आणि कुणी बघितलं नाही तर रुसतात. हे सगळं मोबाईलमुळे झालं. कुणीतरी त्यांना शंभर वर्षांपूर्वीचे विनोदी मूकपट पाठवले आणि चांगला कामाधंद्याचा माणूस कामातून गेला. त्यात एक जण उंच इमारतीला बोटांवर लटकतो, एक जण धावत्या आगगाडीच्या टपावरून उलटा पळतो, एकाच्या अंगावर घराची अख्खी भिंत कोसळते आणि तो नेमका खिडकीच्या भोकात उभा असतो म्हणून त्याला खरचटतसुद्धा नाही. तार नाही, जाळी नाही, कॉम्प्युटर नाही! मामा हे दिवसभर बघतात, आणि मूकपट असला तरी फुल आवाजात, कारण मागे पियानो वाजतो. मग मामी स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, त्या मुक्याला जरा गप्प करा!"

मामांचं म्हणणं असं, "पडणं कुणालाही जमतं गं. पडताना चेहरा हलला नाही पाहिजे. चेहरा हलला की हसू मेलं." म्हणून ते गच्चीवरून उतरताना शेवटच्या पायऱ्या मुद्दाम चुकवतात, अंगणात आडवे होतात आणि उकडलेल्या बटाट्यासारखा चेहरा ठेवून शर्ट झटकत उठतात. मी पाचोऱ्याहून दिवाळीला गेले की माझ्यासाठी खास प्रयोग. पहिल्यांदा मी किंचाळत पाणी घेऊन धावले, तर मामी पोळी लाटता लाटता म्हणाली, "पाणी राहू दे. आधी टाळ्या वाजव, नाहीतर परत पडतील."

त्यात धंदा मंडप डेकोरेशनचा. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ना, इथे माकडाच्या हाती अख्खं गोडाऊन! शिड्या, बांबू, गाद्या, काय पाहिजे ते. एकदा दुखवट्याच्या मंडपात पडदे लावताना मामा शिडीच्या टोकावर बसून शिडीलाच पायांसारखं चालवत निघाले आणि थेट रडणाऱ्या बायकांसमोर सतरंजीवर आदळले. चेहरा अर्थातच बटाटा. बायका इतक्या हसल्या की पुन्हा कुणाला रडू येईना, आणि ते घर आजतागायत मामांशी बोलत नाही. एकदा धुळ्याच्या स्टँडवर सुटलेल्या एसटीच्या मागच्या शिडीला लटकले. शर्ट फडफडतोय, नजर क्षितिजावर, आम्ही सगळे छातीवर हात ठेवून उभे. ती गाडी शेजारच्या डेपोत धुवायला चालली होती. मामा पाइपाच्या पाण्याने निथळत परत आले आणि मला विचारतात, "लटकताना कसा दिसत होतो?"

मग ताईचं लग्न ठरलं. ताई म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी. सासरचे पारोळ्याकडचे, शेतीवाले, गंभीर लोक. व्याही तर इतके गंभीर की साखरपुड्यात पेढासुद्धा त्यांनी औषधासारखा खाल्ला. ताईने बापाला समोर बसवून सांगितलं, "पप्पा, इतकी वर्षं तुमच्यामुळे लोक मला बघून हसले. शाळेत, कॉलेजात, सगळीकडे. एक दिवस मला द्या. लग्नात तुम्ही काहीही करायचं नाही. फक्त उभं राहायचं." मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. मामीने देवापुढे दिवा लावला. आपल्या बाजूने खबरदारी!

लग्न मे महिन्यात. स्टेजमागे मामांनी स्वतःच्या हाताने प्लायवुडचा राजवाडा उभा केला, मधोमध दाराएवढा झरोका. आता तुम्हीच सांगा, रात्रंदिवस मोबाईलवर तो भिंतीचा प्रसंग बघितलेल्या माणसासमोर भिंतही आहे आणि भोकही आहे, तर त्याचं मन काय म्हणणार? सकाळी मंडपात कुणी नसताना मामांनी टेप लावून राजवाडा पडला तर झरोका कुठे येईल ते मोजलं आणि तिथे खडूने फुली मारली. करायचं काही नाही, नुसतं बघायचं. तेही ठीक. पण भिंत पुढे झुकते कशी ते बघायला त्यांनी मागच्या दोऱ्यांच्या गाठी सैल केल्या, तेवढ्यात फुलांचा टेम्पो आला, आणि मामा गाठी बांधायच्या विसरले. हे सगळं त्यांच्या कामगाराने आम्हाला नंतर सांगितलं.

दुपारी व्याहीभेट. दोन्ही बाप एकमेकांना हार घालून गळ्यात पडतात तो कार्यक्रम. फोटोग्राफरला खडूची फुली दिसली. त्याला वाटलं, फोटोसाठीच आहे. "दोघं इथे या! हां, फुलीवर!" मामा जागच्या जागी पांढरे पडले, पण व्याही हात पसरून उभे, सगळं वऱ्हाड बघतंय, नाही कसं म्हणणार? मामांनी मिठी मारली आणि नेमकी त्याच वेळी वावटळ उठली.

राजवाडा आला! अख्खाच्या अख्खा! धाडकन आवाज, धुरळा, बायकांच्या किंकाळ्या, आणि धुरळा बसला तर झरोक्याच्या बरोबर मधोमध दोन बाप एकमेकांच्या गळ्यात उभे. व्याह्यांच्या हाराचं फूलसुद्धा हललं नव्हतं. मामांच्या फेट्याचा तुरा तेवढा उडाला होता, कारण सकाळी माप घेताना डोकं बोडकं होतं! व्याह्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि विचारलं, "हाई बी मंडपना भाडामाच येस का, भाऊ?" त्यावर वऱ्हाडाने अशा टाळ्या वाजवल्या की काय सांगू. आणि फोटोग्राफर त्या क्षणी बॅटरी बदलत होता.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त ताईने. मामा तिच्यामागे फिरत होते, "अगं, मी काही केलं नाही, मी फक्त उभा होतो!" कोण विश्वास ठेवणार? पाहुणे पाठ थोपटून जात होते, "मानलं भाऊ, पोरीच्या लग्नातही सोडलं नाही!" पण मी स्टेजच्या बाजूला होते. भिंत येताना मामांचे डोळे गच्च मिटलेले होते आणि त्यांनी व्याह्यांचं डोकं स्वतःच्या छातीत दाबलं होतं. तो बटाट्याचा चेहरा नव्हता.

बिदाईला ताई सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, बापाला सोडून. गाडीत बसली, गाडी सुरू झाली, आणि काच खाली आली.

"पप्पा, खरं सांगा. ठरवून केलं ना?"

हो म्हटलं असतं तर मामा आयुष्यभराचे हिरो. नाही म्हणायचं तर मंडपवाल्याने पोटच्या पोरीच्या मंडपाची गाठ बांधली नाही, हे चारचौघांत कबूल करायचं.

"नाही गं," मामा म्हणाले. "गाठ राहिली. माझीच चूक. लई घाबरलो बेटा." आणि त्यांचा चेहरा हलला. सगळाच हलला, हनुवटीपासून.

ताईने खिडकीतून हात काढून त्यांचा तुरा नसलेला फेटा सरळ केला. गाडी गेली.

तेव्हापासून मामा पडलेले नाहीत. परवा गेले होते तेव्हा गच्चीवरून कठडा धरून एकेक पायरी उतरले, चारचौघांसारखे. मामीने पोळी लाटणं थांबवलं आणि शेवटच्या पायरीकडे बघत राहिली. मी उगाचच टाळ्या वाजवल्या.