घोड्याकडे पाठ करून

मुलांनो, माणसांचे चेहरे जन्मभर विसरत राहूनही अख्ख्या पंचक्रोशीचा लाडका झालेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो तुमच्या आजोबांचा मावसभाऊ होता. मी त्यांना भाऊजी म्हणत असे, ते मला वहिनी म्हणत, आणि डोंगरापलीकडचं सगळं खोरं त्यांना नुसतं 'डॉक' म्हणत असे. भाऊजी घोड्यांचे डॉक्टर होते. तुम्ही सनीव्हेलला राहता, तिथे घोडा फार तर वाढदिवसाच्या केकवर दिसत असेल. पण इथे आमच्या स्टेट कॉलेज नावाच्या गावाहून गाडीनं अर्ध्या तासावर आमिश लोकांची शेतं आहेत. त्या लोकांना मोटार चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही. नांगराला घोडे, बग्गीला घोडे, चर्चला जायचं तर घोडे. असल्या मुलखात भाऊजी मुंबईहून येऊन पडले आणि मासा पाण्यात सोडावा तसे रमले. लग्न केलं नाही. का केलं नाही असं मी एकदाच विचारलं, तेव्हा म्हणाले, "वहिनी, तिचा चेहरा विसरलो असतो तर?"

हे त्यांनी थट्टेनं म्हटलं असलं तरी भीती खरी होती. एकदा आम्ही दोघं किराणा घ्यायला गेलो होतो. डोक्याला काळं टोपडं बांधलेल्या एका आमिश बाईंनी दुकानात भाऊजींना थांबवलं, आईची खुशाली सांगितली, मक्याची सांगितली, त्यांचे आभार मानले. भाऊजी अदबीनं मान डोलवत होते. त्या पुढे गेल्यावर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "कोण हो ह्या?" आम्ही बाहेर आलो, तर दुकानामागच्या कठड्याला एक तांबूस घोडी बांधलेली. भाऊजींच्या हातातली पिशवी खाली पडली. "अहो, ही डॉली! मागच्याच आठवड्यात हिचं पोट दुखत होतं. म्हणजे त्या डॉलीच्या बाई होत्या!" आणि बटाटे रस्त्यावर तसेच टाकून ते आत पळाले, त्या बाईंना गाठून म्हणाले, "माफ करा, आत तुम्ही घोडीशिवाय होतात, म्हणून ओळखलं नाही." बाईंना राग आला नाही. त्या खोऱ्यात ह्याचा राग कुणालाच येत नसे. कुणी फोनवर स्वतःचं नाव सांगत नसे, घरी फोन नसल्यानं शेजारच्या दुकानातून फोन करून सरळ म्हणत, "डॉक, मी ड्यूकचा माणूस बोलतोय."

मी त्यांच्या ऑफिसात कामाला लागले तेव्हा तुमचे बाबा हायस्कूलला होते. पुण्याला मी एका इंग्रजी शाळेचं ऑफिस चौदा वर्षं सांभाळलं होतं. इथे येऊन सांभाळायला उरली होती ती फक्त कपाटं. एके दिवशी भाऊजी जेवायला आले आणि म्हणाले, "वहिनी, ह्या घरात मसाल्याच्या डब्यांनासुद्धा लेबलं लावून झाली. आता माझं ऑफिस आवरा." ऑफिस म्हणजे जुन्या तबेल्याची एक खोली. टेबलावर कार्डांचे ढीग, ढिगांवर ओटचे डबे, डब्यांवर मांजर. मी पंधरा दिवस खपून सगळी कार्डं अक्षरवार लावली आणि लगेच कामाला लागले. वसंत ऋतूतल्या लशी द्यायच्या होत्या, म्हणून स्मरणपत्रं पाठवायचं ठरवलं. प्रत्येक कार्डावर वर ठळक नाव, खाली पत्ता. भाऊजी दुसऱ्या खोलीत औषधं मोजत होते. मी विचारलं, "ह्या मॉली, ह्यांना मिस लिहू की मिसेस?" ते आतून म्हणाले, "तीन मुलं आहेत तिला." मी 'मिसेस' लिहिलं. "आणि ड्यूक?" "तो म्हातारा आहे, तापट आहे, जरा आदरानं लिहा."

मी आदरानं लिहिलं. शाळेतल्या नन्सनी शिकवलेल्या पद्धतीनं, समास सोडून, स्वच्छ टाइप करून चाळीसएक पत्रं गेली. 'आदरणीय मिस्टर ड्यूक, गेल्या वसंतानंतर आपण आमच्याकडे आला नाहीत, ह्याकडे आपलं नम्रपणे लक्ष वेधू इच्छितो.' 'प्रिय मिसेस मॉली, आपण येताना मुलांनाही सोबत आणावं.' पुढच्या सोमवारी ऑफिसच्या दारात बग्ग्यांची रांग लागली. दाढीवाली गंभीर माणसं हातात पत्र घेऊन उभी, आणि प्रत्येकाचे खांदे हलत होते. आमिश माणूस मोठ्यानं हसत नाही, पण खांदे आवरत नाहीत. एक आजोबा म्हणाले, "मॅडम, ड्यूकनं पत्र वाचलं. तो म्हणतो, इतक्या मानानं आजवर त्याला कुणी बोलावलं नव्हतं." कार्डावरचं नाव घोड्याचं असतं हे मला तेव्हा कळलं! मालकाचं नाव भाऊजी लिहीतच नसत. खोऱ्यात तसंही सगळ्यांना मिळून आडनावं चारच. मी दुसऱ्या वर्षी पत्रं सुधारून मालकांच्या नावे पाठवली, तर तक्रारी आल्या. तेव्हापासून पत्रं घोड्यांनाच जाऊ लागली.

त्या कार्डांवर तपासणीचा मजकूर इंग्रजीत असे. पण घोड्याच्या चालीत काही दोष नसला, तर शेवटी भाऊजी देवनागरीत दोनच शब्द लिहीत: 'ठेका साफ.' कारण असं, की भाऊजी खरं तर तबलजी व्हायचे होते. घरच्यांनी जनावरांच्या कॉलेजात घातलं. अमेरिकेला येताना कपड्यांऐवजी तबल्याची जोडी आणली, ती पहिल्याच हिवाळ्यात, इथल्या कोरड्या थंडीनं, पुडीसकट तडकली. मग घोडे उरले. घोडा चालताना चार मात्रा टाकतो, दुडकीत दोन, आणि दौडीत तीन, हे त्यांनी मला भाजी चिरता चिरता पोळपाटावर वाजवून दाखवलं होतं. पाय दुखत असला की त्या पायाची थाप हलकी पडते. बाकीचे डॉक्टर लंगडा घोडा ओळखायला त्याची मान बघतात, पाय बघतात. भाऊजी डांबरी रस्त्यावर घोडा पळवायला सांगत आणि स्वतः त्याच्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभे राहत. "डोळ्यांचं काही खरं नाही, वहिनी. चकचकीत घोडा दिसला की डोळे भाळतात. कान भाळत नाहीत." मग बोट वर करून सांगत, "डावा मागचा." आणि तो डावा मागचाच निघे.

घोड्यांशी ते शुद्ध मराठीत बोलत. "अगं, असं काय करतेस? पाय दे बघू, पाय दे." शब्द ऐकला की घोडी पाय उचलत असे. हळूहळू खोऱ्यातली सगळी जनावरं ह्या एका शब्दाला तयार झाली, आणि माणसंही. एकदा ओहायोहून एका गृहस्थांचा चिडलेला फोन आला. त्यांनी आमच्या खोऱ्यातून घोडी विकत नेली होती, आणि ती काही केल्या खूर उचलू देत नव्हती. मी त्यांना फोनवर 'पाय दे' चार वेळा म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "मॅडम, चालला! हे लॅटिन आहे का?"

भाऊजींचा खरा मित्र म्हणजे खोऱ्यातला आमिश नालबंद. माणूस भाऊजींच्या दुप्पट रुंद, बोलणं भाऊजींच्या निम्मं. दोघांनी वीस वर्षं एकाच घोड्याच्या चार पायांभोवती वाकून काढली होती. भाऊजी त्याला तोंडानं तबल्याचे बोल म्हणून दाखवत, आणि तो नाल ठोकता ठोकता ऐरणीवर ते बरोबर काढी. भाऊजी म्हणत, "चल, तुला तबला मागवून देतो." नालबंद मान हलवी. "आमच्यात वाद्य वाजवत नाहीत, डॉक." "मग हे काय चाललंय?" "हे काम चाललंय."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका शरद ऋतूत भाऊजी घोड्याकडे तोंड करून उभे राहिले. मी खिडकीतून पाहिलं आणि माझे टाइप करणारे हात थांबले. घोडा दुडकत होता आणि भाऊजी वाकून, डोळे ताणून त्याचे पाय बघत होते. मग एकेक गोष्ट लक्षात येत गेली. फोन वाजला तरी ते उचलत नसत. तबल्याची कॅसेट इतकी मोठ्यानं लावत, की मांजर घर सोडून गेलं. मी काहीही विचारलं तरी 'हो' म्हणत, एकदा मी मुद्दाम म्हटलं, "भाऊजी, आज ऑफिसला आग लावू का?" तर म्हणाले, "हो, लावा, चारपर्यंत लावा." आपल्या गावातल्या कानाच्या डॉक्टरनं यंत्र दिलं, ते त्यांनी एक आठवडा घातलं आणि ओटच्या डब्यात टाकून दिलं. "ह्यात वारा ऐकू येतो, पंखा ऐकू येतो, माझं चावणं ऐकू येतं. खूर येत नाही." मालकांना कळलं नसेल असं त्यांना वाटत होतं. पण तुमच्या घोड्याकडे डॉकनं तोंड केलंय हे कुणाला दिसणार नाही? सगळ्यांना दिसलं होतं. कुणी बोलत नव्हतं, एवढंच.

वसंतातला घोड्यांचा बाजार आठवड्यावर आला. त्या दिवशी खोऱ्यातले सगळे विकायचे घोडे भाऊजींपुढून जात, आणि ते जे म्हणतील त्यावर लोक डोळे मिटून घोडा घेत. भाऊजी माझ्या टेबलासमोर बसले. "वहिनी, एक पत्र घ्या. सगळ्यांना जाऊ द्या. बाजार झाला की मी काम बंद करतोय." मी मोठ्यानं म्हटलं, "घाई कशाला?" ते म्हणाले, "कुणी तरी माझ्या शब्दावर लंगडा घोडा घेईल. नांगरणीच्या ऐन वेळी तो बसेल. त्या घरानं काय करायचं? अंदाजानं सांगणं मला जमायचं नाही." मग म्हणाले, "आणि दुसरं काही मला येत नाही हो." मी पत्र टाइप केलं. 'प्रिय मॉली, इतकी वर्षं आपण मला आपला पाय दिलात, त्याबद्दल आभारी आहे.' एवढ्या ओळीपर्यंत मी तीनदा चुकले. मी टायपिंगमध्ये चुकत नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी छान ऊन होतं. घोडे रस्त्याच्या टोकाला उभे, लोक दोन्ही बाजूंना. पहिला एक काळा उमदा घोडा, मान कमानीसारखी. भाऊजी त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले. मालकानं लगाम धरून घोडा दुडकवायला सुरुवात केली. तेवढ्यात नालबंद गर्दीतून निघाला, सावकाश चालत भाऊजींच्या शेजारी आला, आणि त्यानं आपला तो ऐरणीएवढा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. दोन बोटं हलायला लागली. टप, टप. टप, टप. खुरांबरोबर.

भाऊजी दचकले. "हे काय करतोस?"

नालबंद त्यांच्या कानाशी वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तू पाठ कर, डॉक."

भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्यात वाद्य वाजवत नाहीत ना?"

"वाद्य कुठाय? हा तुझा खांदा आहे."

भाऊजींनी घोड्याकडे पाठ केली आणि डोळे मिटले. त्या रस्त्यावर इतकी माणसं होती, पण खुरांशिवाय आवाज नव्हता. नालबंद समोर बघत होता आणि जसं ऐकू येईल तसं बोटांनी देत होता; एक थाप जड, एक किंचित हलकी. मला तर दोन्ही सारख्याच वाटल्या. घोडा दोनदा गेला, दोनदा आला. भाऊजींनी बोट वर केलं. "उजवा पुढचा. टाचेकडे बघ."

नालबंदानं जाऊन काळ्याला म्हटलं, "पाय दे." खूर उचलला, चिमट्यानं टाच दाबली. घोड्यानं पाय हिसकावून घेतला. दाढीवाल्या गर्दीचे खांदे पुन्हा हलले, पण ह्या वेळी ते हसत होते की नाही ते मी सांगू शकत नाही. त्या दिवशी सगळे घोडे असेच तपासून झाले. नंतर मी नालबंदाला विचारलं, "तुम्हालाच कळत होतं की नाही, कुठला पाय ते?" तो म्हणाला, "नाही, मॅडम. मी फक्त पोचवतो. कळतं त्याला."

संध्याकाळी भाऊजी डावा खांदा चोळत ऑफिसात आले. म्हणाले, "वहिनी, ते पत्र गेलं का?" मी म्हटलं, "कुठलं पत्र?" "अहो, बंद करण्याचं." मी सगळे खण उघडले, मिटले, आणि मोठ्यानं सांगितलं, "सापडत नाही. कुठं तरी चुकीच्या जागी लागलं असेल." मी आणि चुकीच्या जागी! भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "असेल, असेल," आणि चहा मागितला.

पत्र मी सगळ्यात खालच्या खणात ठेवलं होतं. तो गेलेल्या घोड्यांच्या कार्डांचा खण. भाऊजींनी त्यातलं एकही कार्ड टाकू दिलं नव्हतं, पण तो कुणी उघडत नसे, निदान मला तसं वाटे. त्यानंतर भाऊजींनी आणखी बरीच वर्षं काम केलं. नालबंद सकाळी आपल्या बग्गीतून त्यांना घेऊन जाई. दोघं म्हातारे रस्त्याच्या कडेला उभे, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, आणि समोरून घोडा दुडकत जातोय, हे खोऱ्यात नेहमीचं दृश्य झालं. भाऊजींचे सगळे कोट डाव्या खांद्यावर विरले. ठिगळं मीच लावत असे.

ते गेल्यावर ऑफिस रिकामं करायचं काम माझ्याकडेच आलं. नालबंद मदतीला आला होता. तो बाहेर ओटचे डबे बग्गीत चढवत होता. मी शेवटी खालचा खण उघडला. पत्र होतं तिथंच होतं, मी टाइप केलं तसं, समास सोडून. फक्त खाली, कोपऱ्यात, भाऊजींच्या थरथरत्या अक्षरात दोन शब्द लिहिलेले होते.

ठेका साफ.