विहीर बुजवायचा हुकूम

हसू नका, पण एका शब्दापायी मी अख्ख्या गावाचं पाणी तोडायला निघालो होतो! हत्यार कुठलं म्हणाल, तर टाइपरायटर!

लातूर तेव्हा नवंनवं जिल्हा झालेलं. नांदेडहून माझी बदली इकडं. दफ्तरात खुर्च्या कमी, कागद लई! त्यात दुष्काळ. रेणापूरजवळच्या एका गावात आमचं सरकारी खातं आणि तिथलं महिला मंडळ मिळून जुनी विहीर उपसणार, असं ठरलं. गाळ बायांनी काढायचा, दोर-टोपल्या खात्यानं द्यायच्या. टोपल्या पोचल्या. मागून माझं पत्रही पोचलं.

आठवड्यानं मंडळाच्या अध्यक्षा गयाबाईंची चिठ्ठी आली. 'तुमच्या पत्रात लिहिलंय, तसंच करायचं का?'

आता सांगा, असं विचारतात का कधी सरकारला? मला रागच आला. पत्राची प्रत न बघताच ठोकून दिलं, 'आदेशाचे तंतोतंत पालन करावे. हयगय खपवून घेतली जाणार नाही.'

चार दिवसांनी फायली लावताना ती प्रत हाती आली. 'सदर विहीर तात्काळ बुजवून घ्यावी.'

उपसून नव्हे, बुजवून! धोकादायक विहिरीचं जुनं पत्र समोर ठेवून टाइप केलं होतं ना मी!

मिळेल त्या एसटीनं सुटलो. फाट्यापासून गावापर्यंत पळतच गेलो. बघतो तर विहिरीपाशी ही गर्दी, हा मातीचा ढीग, आणि बायांच्या हातात आमच्याच टोपल्या!

"थांबा! माती टाकू नका!" मी बोंबललो.

एक ठेंगणी बाई पदर खोचत पुढं आली. त्याच गयाबाई.

"कोण वो तुमी?"

"मी... ते पत्र लिहिणारा."

"अस्सं! आवो, टाकत न्हाई, गाळ काढायलोय. या, बघा की."

वाकून बघितलं. तळाशी पाणी चमकत होतं. काय सांगू, जीव भांड्यात पडला.

"पण माझा आदेश?"

"वाचला की. दोनदा वाचला. म्हनलं, सायबाला ऊन लागलं आसंल. आपलं काम आपून करावं!"

बाया खो खो हसल्या. मीही हसलो, पार डोळे पुसेपर्यंत.

"एक करा सायेब," गयाबाई म्हणाल्या, "हितून पुढं कागद आमीच लिहून देतो. तुमी नुसता शिक्का हाना."

काय करता! पुढचं पत्र त्यांनी लिहिलं, मी जसंच्या तसं टाइप केलं. आमच्या साहेबांनी ते वाचलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले,

"शाबास! आता कुठं तुला लिहिता यायला लागलं!"